चेहरा धुळ्याचा, आवाज दुसरीचा

पैनगंगेच्या उत्तरेला यवतमाळ, दक्षिणेला आदिलाबाद. नदी ओलांडली की दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात, पण जैनद, बेला, तामसी या भागांत घरातली बोली पुष्कळदा मराठीच राहते. निजामाच्या हैदराबाद संस्थानातला हा जिल्हा 1956 साली आंध्र प्रदेशात गेला आणि 2014 साली तेलंगणात आला. 2016 साली त्याचे चार तुकडे झाले. राज्ये बदलली तरी माणसे दुभाषी राहिली. अशा घरात बसून अभिनेत्री मृणाल ठाकूरची वाटचाल पाहिली, तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाच्या ध्यानात न येणारे काही दिसते.

मृणालचा जन्म 1 ऑगस्ट 1992चा, धुळ्याचा. 2012 साली स्टार प्लसवरच्या हिंदी मालिकेतून ती पडद्यावर आली. 2014 साली 'हॅलो नंदन' आणि 'विटी दांडू' हे मराठी चित्रपट आले. त्याच वर्षी झी टीव्हीवर 'कुमकुम भाग्य' सुरू झाली आणि तिथली तिची बुलबुल घरोघरी पोचली. मालिकेला आपल्याकडे उगाच नाके मुरडतात. रोज नवी पाने हातात पडायची, ती पाठ करायची आणि संध्याकाळपर्यंत प्रसंग उरकायचा, ही तालीम फुकट जात नाही. ती 2016 साली मालिकेतून बाहेर पडली, हा तिचा पहिला धाडसी निर्णय. मालिकेतून सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलींना 'रोज घरात दिसणारा चेहरा तिकीट काढून कोण पाहणार?' हे ऐकावेच लागते.

उत्तर 2018 साली मिळाले. तबरेज नूरानी यांच्या 'लव्ह सोनिया'त तिने कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या मुलीची भूमिका केली. बहिणीला शोधत निघालेली ही मुलगी देहविक्रीच्या जाळ्यात सापडते. कापूस आणि कर्ज यांची जोडी पाहिलेल्या मुलखात ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. पुढच्या वर्षी 'सुपर 30' आणि 'बाटला हाउस' आले. चित्रपट मोठे होते, पण तिच्या वाट्याला त्यांत फार काही आले नाही.

कॅनडाच्या अभिनेत्री मैत्रेयी रामकृष्णनची गोष्ट याच्या अगदी उलट. मिसिसागातली ही तमिळ मुलगी खुल्या निवडीत सुमारे 15,000 अर्जांतून निवडली गेली आणि 2020 साली पहिल्याच मालिकेची नायिका झाली. मृणालला असे एका उडीत काही मिळाले नाही.

तिला खरी ओळख दिली ती तेलुगूने. 5 ऑगस्ट 2022 रोजी हनु राघवपुडी यांचा 'सीता रामम्' आला. दुल्कर सलमान लेफ्टनंट राम, आणि त्याच्याशी पत्रांतून जोडलेली सीता म्हणजे मृणाल. ही सीता प्रत्यक्षात हैदराबादच्या राजघराण्यातली नूरजहाँ असते. जुन्या निजामी मुलखाच्या प्रेक्षकासमोर हैदराबादची राजकन्या म्हणून उभी राहिली ती धुळ्याची मुलगी! 2023 साली नानीबरोबरचा 'हाय नान्ना' आला. 2024चा 'फॅमिली स्टार' मात्र आपटला.

सीतेचे तेलुगू बोल मृणालचे नव्हेत, ते गायिका चिन्मयी श्रीपाद हिचे. 2010च्या 'ए माय चेसावे' या चित्रपटापासून अभिनेत्री समंताच्या तोंडी वर्षानुवर्षे हाच आवाज ऐकू आला. ज्याचे कान तेलुगूत तयार झाले, त्याला सीता बोलू लागताच समंता आठवली तर नवल नाही. फक्त मराठी जाणणाऱ्याला हे कळायचे नाही. आदिलाबादच्या दुभाषी घराला चेहरा इकडचा आणि आवाज तिकडचा, दोन्ही ओळखीचे.

यात कमीपणा काही नाही. दक्षिणेत परभाषी नायिकांसाठी ही रुळलेली पद्धत आहे. तरी जुन्या काळच्या मराठी अभिनेत्री शांता आपटे आठवतातच. 1941 साली 'सावित्री' या तमिळ चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होत्या आणि शांताबाई सावित्री. त्या भूमिकेसाठी त्या तमिळ शिकल्या. आज एवढा वेळ नायिकेला कोणता निर्माता देईल? श्रेयनामावलीत आवाज देणारीचे नाव जिथे जेमतेम दिसते, तिथे भाषा शिकवण्याचा खर्च वाचवायचा मोह त्याला होणार नाही, असे मला तरी वाटत नाही.