कंडोममुळे खाज येते? एकमेकांवर संशय नको, आधी पाकीट वाचा

निकाहाला थोडेच महिने झालेले असतात. कंडोम वापरला की खाज सुटते, जळजळ होते. बीवीला वाटतं रोग लागला, मियाँ चिडतो. घरात कुणाला सांगायची शरम, म्हणून दोघंही गप्प बसतात आणि कंडोमच बंद करतात. हया चांगलीच, पण तब्येतीचा सवाल असेल तर विचारलंच पाहिजे. म्हणून आज आम्ही साफ लिहितो.

बहुतेक कंडोम लॅटेक्सचे, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचे असतात. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात कंडोमचे कारखाने आहेत, तिथेही हाच चीक लागतो. त्यातली प्रथिनं काहींच्या शरीराला चालत नाहीत. फुगा फुगवताना ओठ सुजत असतील, रबरी हातमोज्यांनी हात खाजत असतील, तर लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. दवाखान्यात नर्सचं काम करणाऱ्या आपल्या मुलींनी आणि अनेक ऑपरेशनं झालेल्यांनी जास्त लक्ष द्यावं. अशा काहींना केळी, किवी खाल्ल्यावरही तोंडाला खाज येते.

पण प्रत्येक खाज लॅटेक्सचीच नसते. कंडोमवरचं वंगण, सुगंध किंवा शुक्राणू मारणारं औषधही कारण असतं. कधी खरंच इन्फेक्शन असतं. अंदाज बांधत बसू नका, त्वचारोग तज्ज्ञांना दाखवा. रक्ताच्या किंवा त्वचेच्या तपासणीतून कळतं.

लॅटेक्स चालत नसेल तर मेडिकलमध्ये 'नॉन-लॅटेक्स' कंडोम मागा. पाकिटावर पॉलिआयसोप्रीन किंवा पॉलियुरेथेन लिहिलेलं असतं. ते महाग पडतात, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारा निरोध लॅटेक्सचाच असतो, हे लक्षात ठेवा.

खाज कमी व्हावी म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. तेलाने लॅटेक्स आणि पॉलिआयसोप्रीन कमजोर होऊन फाटतात. पाण्याचं जेल वापरा. एकावर एक दोन कंडोम घालू नका. तारीख बघून घ्या, खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने ठेवू नका.

अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला, श्वास लागला, तर वाट न बघता 108 ला फोन करा. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर 1097 वर मोफत माहिती मिळते.

कंडोम सोडून दिला तर नको असलेला गर्भ आणि आजार, दोन्हींची भीती राहते. कंडोम सोडू नका, प्रकार बदला. आणि डॉक्टरांकडे मियाँ-बीवी दोघं मिळून जा.