बीटल्सच्या तबकडीवर आपले वादक

१९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील बंदरांत व गिरणगांवांत गिटार आणि ड्रम यांच्या ठेक्यावर गाणाऱ्या तरुणांचीं पथकें निघालीं. त्यांच्या संगीताला ‘बीट’, म्हणजे ठेक्याचें संगीत, असें नांव पडलें. त्यांत अग्रगण्य ठरली ती लिव्हरपूलची ‘बीटल्स’ ही चौकडी. स्वत:च्या नांवाची तिची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६२ मध्यें निघाली आणि १९७० सालीं चौकडी फुटली. या अल्प कारकीर्दींत आपल्या वादकांचा हात किती होता, तें आज आपणांस पाहावयाचें आहे.

चौघांपैकीं जॉर्ज हॅरिसन यानें १९६५ सालीं एका गाण्यांत प्रथम सतार छेडली. तथापि एक वाद्य उसनें घेणें निराळें आणि तालासुरांची रीत पत्करणें निराळें. ही दुसरी पायरी ११ एप्रिल १९६६ रोजीं ‘लव्ह यू टू’ या गाण्यानें गांठली. त्यासाठीं लंडनमधील ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेमार्फत अनिल भागवत यांना तबल्यावर बोलावण्यांत आलें. कोणासाठीं वाजवावयाचें, हें त्यांना आधीं सांगितलेलें नव्हतें. दाराशीं रोल्स रॉईस मोटार आली, तेव्हां त्यांना उलगडा झाला! ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर त्यांचें नांव छापलें गेलें, आणि त्याचा त्यांना पुढेंहि अभिमान वाटत राहिला.

परंतु हें भाग्य सर्वांच्या वांट्यास आलें नाहीं. मार्च १९६७ मध्यें ‘विदिन यू विदाउट यू’ हें गाणें मुद्रित झालें, तेव्हां चौकडीपैकीं एकटा हॅरिसन त्यांत होता. दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर, तर तबल्यावर नटवर सोनी होते. गाणें जगभर गेलें. वेष्टनावर मात्र या गुणी मंडळींचीं नांवें नव्हतीं. तीं पुढें अभ्यासकांना शोधून काढावीं लागलीं.

जानेवारी १९६८ मध्यें हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठीं स्वत: मुंबईस आला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत स्टीरिओ यंत्र नव्हतें. भास्कर मेनन यांनीं तें कलकत्त्याहून आगगाडीनें आणविलें. शिवकुमार शर्मा यांचें संतूर, चंद्रशेखर नारिंग्रेकर यांचा सूरबहार, एस्. आर्. केंकरे यांची बासरी असा मेळ तेथें जमला. चित्रपटाच्या तबकडीवर वादकांचीं नांवें आलीं. मात्र त्याच मुक्कामांत मुद्रित झालेलें ‘दि इनर लाइट’ त्याच वर्षीं मार्चमध्यें प्रसिद्ध झालें, तें केवळ बीटल्सच्या नांवानें. वाद्यमेळ सगळा मुंबईचा. लंडनमध्यें त्यावर केवळ कंठस्वर चढविले गेले.

रागदारीच्या मैफलींत साथीदारांचीं नांवें श्रोत्यांना सांगण्याची आपली चाल आहे. तीस नुसता शिष्टाचार समजूं नये. वादकाची कीर्ति आणि पुढचें बोलावणें त्या नांवावर अवलंबून असतें. भागवतांना जें मिळालें, तेंच अण्णा जोशांचेंहि देणें होतें.