तीनच मापं सांगायची

आठवीत त्रिकोणांची एकरूपता आली की मुलं पहिल्याच दिवशी बाबाबा, बाकोबा, कोबाको (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) घोकायला लागतात. नावं गमतीची, त्यामुळे पाठ पटकन होतात. तीनच मापं का पुरतात, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून फळ्यावर कसोटी लिहिण्याआधी मी कार्डशीट आणि कात्र्या वाटते.

जोडीतली दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाने त्रिकोण काढून मापं सांगायची, दुसऱ्याने ती ऐकून तसाच त्रिकोण कापायचा. तीन बाजू आणि तीन कोन अशी सहा मापं. कमीत कमी किती सांगून भागतं? ‘‘एक बाजू 6 सेंटिमीटर, दुसरी 5,’’ एवढ्यावर ऐकणारा अडतो. ‘‘अरे, मधला कोन किती?’’ हा प्रश्न मुलाने विचारला की बाकोबा निम्मी शिकवून झालेली असते. तिन्ही कोन 60 अंशांचे सांगितले, तर प्रत्येकाचा त्रिकोण वेगळ्या आकारमानाचा निघतो.

त्रिकोण एकमेकांवर ठेवताना ‘‘मॅडम, बसत नाहीये!’’ ही तक्रार ठरलेली. मापं बरोबर, तरी कोपरा बाहेर. शेजारची मुलगी त्रिकोण उलटा करते आणि तो चपखल बसतो. कोणता शिरोबिंदू कोणाशी जुळला, हे तेव्हाच लिहून घ्यायचं. त्रिकोणांच्या नावातला अक्षरांचा क्रम मग चुकत नाही.

खरी मजा पुढे. कोन 30 अंश, त्याला लागून 8 सेंटिमीटरची बाजू, कोनासमोर 5 सेंटिमीटरची. कंपासचा कंस कोनाच्या दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो. काहींची तिसरी बाजू सुमारे 3.9 सेंटिमीटर येते, काहींची 9.9. दोघंही एकमेकांना चुकीचं ठरवतात आणि दोघंही बरोबर असतात! कोन दोन बाजूंच्या मधलाच का हवा, हे या भांडणात कळतं. जुळणाऱ्या दहा त्रिकोणांपेक्षा ही न जुळणारी जोडी जास्त शिकवते.

त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवायची युक्ती युक्लिडनेही बाकोबासाठी वापरली होती. पुढे त्यावर आक्षेप आले. 1899 मध्ये गणितज्ञ हिल्बर्टने बाकोबाचा गाभा सरळ गृहीतक म्हणूनच मांडला. कात्रीने कापलेल्या कडा मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच. कागदाने खात्री पटते, सिद्धता होत नाही. पण खात्री पटलेल्या मुलालाच सिद्धता मागावीशी वाटते.