दुखणं घशात, मग छाती कशाला तपासायची?

घशाचा कॅन्सर आहे असं कळलं की घरातल्यांना एकच घाई होते : उपचार उद्यापासूनच सुरू व्हावेत. आणि नेमके तेव्हाच डॉक्टर छातीचा सी. टी. स्कॅन सांगतात, अन्ननलिकेत दुर्बीण घालून बघू म्हणतात, एखाद्याला पेट स्कॅनही करायला लावतात. ‘‘दुखणं घशात, मग छाती कशाला तपासायची?’’ आमच्या शेजारच्या वहिनी तणतणत होत्या. खर्च, रजा, हेलपाटे यांनी माणूस चिडणारच. पण या तपासण्यांना कारण आहे.

तंबाखू, विडी-सिगरेट, दारू यांचा मारा घशातल्या एकाच जागी होत नाही. धूर फुप्फुसापर्यंत जातो, दारू अन्ननलिकेतून उतरते. पावसाळ्यात भिंतीचा पोपडा एका ठिकाणी सुटतो, ओल मात्र सगळीकडे मुरलेली असते ना, तसंच हे. अमेरिकेत स्लॉटर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५३ साली तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे ११ टक्के रोग्यांत एकापेक्षा जास्त स्वतंत्र गाठी निघाल्या. स्वतंत्र म्हणजे पहिलीच पसरलेली नव्हे, दुसरी वेगळी उगवलेली. हा फरक मोठा आहे. पसरलेला रोग म्हणजे पुढची पायरी. पण वेगळी गाठ अगदी लहान, बरी होण्याजोगीही असू शकते. तंबाखूला कधी न शिवलेल्यांनाही एका विषाणूमुळे टॉन्सिलजवळ कॅन्सर होतो. त्यांच्यात मात्र दुसऱ्या गाठीची भीती बरीच कमी असते.

हे आधीच कळलं तर उपचारांचा सगळा बेत बदलतो. ऑपरेशन आधी कुठलं, शेक कुठे द्यायचा, हे ठरवावं लागतं. एकदा पुरता शेक दिलेल्या जागी पुन्हा तेवढाच देणं अवघड असतं. शेकाचे सहा-सात आठवडे पार पडेपर्यंत न सापडलेली गाठ वाढत राहते. शिवाय शेकानंतर घसा सुजतो, मग दुर्बीण घालणंही त्रासाचं.

दुर्बिणीच्या वेळी कधी कधी अन्ननलिकेत आयोडीन फवारतात. निरोगी अस्तर तपकिरी होतं, बिघडलेला भाग फिका राहतो. (शाळेत आम्ही आयोडीनने बटाटा निळाकाळा करून दाखवतो, त्याचाच हा भाऊबंद!) पेट स्कॅनमध्ये एखादा ठिपका चमकला म्हणून मात्र लगेच रडारड नको. टी. बी.नेही फुप्फुसात तसं दिसतं. तुकडा काढून तपासल्याशिवाय निकाल नाही.

प्रत्येकाला सगळ्याच तपासण्या लागतात असंही नाही. कुठली कशासाठी आणि तिच्यापायी उपचार किती दिवस लांबतील, हे डॉक्टरांना सरळ विचारावं. त्यात भीड कसली?

मला जास्त काळजी वाटते ती दडवादडवीची. डॉक्टरांनी ‘‘व्यसन?’’ विचारलं की यजमान ‘‘कधीतरी’’ म्हणतात आणि आपण खाली मान घालून बसतो. त्या उत्तरावरच पुढचं पुष्कळसं ठरत असतं. किती वर्षं, दिवसाला किती विड्या, दारू किती, हे खरं खरं सांगा. त्यांच्यादेखत जमलं नाही तर चिठ्ठीवर लिहून द्या. आणि रोगी सासूबाई असतील, तर ‘‘मला बाई कसलं व्यसन!’’ यावर जाऊ नका. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूडच. ती किती वर्षं लावतात, तेही चिठ्ठीत लिहा.