चिंच खाली ठेव, आत्या

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डिंभ्याला पोचलो तेव्हा आत्या ओट्यावर पत्र्याचा डबा उपडा करून बसली होती. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ. बावीस रुपये, नऊ शिवराया, मूठभर भोकाचे पैसे. सासऱ्यांची ही नाणी जुनं घर धरणाच्या पाण्यात जायच्या आधी देव्हाऱ्यातल्या टाकांबरोबर वर आली होती. यंदा दिराला वाटणी हवी होती. निम्मी निम्मी मोजून द्यायची, असं ठरलंही होतं.

"आत्या, आधी चिंच खाली ठेव," मी म्हटलं.

चांदीवर वर्षानुवर्षं जमलेला काळपट थर म्हणजे मळ नव्हे. चिंच लावून घासलं की थर जातो आणि नाण्यावर बारीक ओरखडे उठतात. सराफाला त्याचं काही नाही, तो मोडीच्या भावाने वजनच बघणार. संग्राहक मात्र अशा नाण्याला नाक मुरडतो. माळेसाठी कडी जोडलेल्या रुपयाचीही तीच गत.

आता मोजून वाटणी का नको ते बघा. कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. 'रुपयाभार' हे माप त्यावरूनच आलं. असे ऐंशी रुपये म्हणजे एक शेर. पण 1919च्या रुपयात 91.7 टक्के, म्हणजे जवळपास 10.7 ग्रॅम चांदी असते आणि 1944च्या रुपयात निम्मीच, 5.83 ग्रॅम. तराजूला दोन्ही सारखेच. चष्मा लावून साल वाचल्याशिवाय फरक कळत नाही. आत्याच्या बावीसपैकी आठ रुपये असे निम्म्या चांदीचे निघाले. ते सगळे एकाच भावाकडे गेले असते तर!

साल जुनं म्हणून भाव जास्त, हाही भ्रमच. राणीछाप रुपयावर 1862 हे साल पुढची कित्येक वर्षं तसंच छापत राहिले, त्यामुळे ते नाणं सर्रास मिळतं. याउलट 1911चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, चित्र बदलावं लागलं. तो रुपया आज त्या काळच्या इतर रुपयांपेक्षा महाग जातो. 1939चा रुपया तर इतका दुर्मिळ, की त्याच्या नकलाच जास्त भेटतात.

शिवरायांवर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून अक्षरं अर्धवटच उमटतात. जिच्यावर जास्त अक्षरं, तिला जास्त मोल. पण शिवराई पुढेही कित्येक दशकं पाडली जात होती, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते.

डब्यात एक 'हनुमानाचं नाणं'ही होतं. 1818 साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. जत्रेत विकला जाणारा बिल्ला तो. यासाठी लाखाची बोली लावून आधी 'फी' मागणारे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने 2021मध्ये लोकांना या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. दिराच्या मुलाला दोन रुपये अमेरिकेला न्यायचे होते. पण शंभर वर्षांवरचं नाणं 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते असं खिशात घालून परदेशी नेता येत नाही. आणि धरणाचं पाणी ओसरल्यावर गाळात नाणी सापडली, तर तो वारसा नव्हे. 1878च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं.

नाणी एकत्र राहिली की काय काय सांगतात ते बघा. जुन्नरच्या मनमोडी डोंगरातल्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या अमात्याचा, अयमाचा लेख आहे. त्याच नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी 1906मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. हरलेल्या राजाचा पैसा जिंकणाऱ्याने कसा आपलासा केला, हे त्या ढिगाने सांगितलं. तीच नाणी सुटी सुटी आटणीत गेली असती तर उरली असती नुसती चांदी.

म्हणून आत्याला वही आणायला लावली. प्रत्येक नाण्याचं साल, वजन, दोन्ही बाजूंचा फोटो, सासऱ्यांना ते कुठे मिळालं ते आठवेल तेवढं. दोन रुपये त्यांनी घोडेगावच्या बाजारात बैल विकून आणलेले. ते वेगळ्या पुडीत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूजेला आत्याने एकच रुपया चिंचेने घासला. 1944चा.