राज्याचा नकार आणि गावाची जबाबदारी

पांढुर्णा व सौंसर या तहसिलींतील कुटुंबात कोणी गंभीर आजारी पडले की रुग्णाला घेऊन मंडळी बहुधा नागपूरची वाट धरतात. नागपूर जवळ आहे, भाषा आपली आहे, सोयरसंबंधही तेथे आहेत. मधली राज्याची सीमा एरवी कोणाला जाणवत नाही. परंतु उपचाराचा खर्च कोणी द्यावयाचा, हा प्रश्न उभा राहिला की ती सीमा एकदम महत्त्वाची ठरते.

आपल्या राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या सूचीतील विषय होय. त्यामुळे केंद्राची आरोग्य विमा योजना एखाद्या राज्यात लागू होणे हे त्या राज्याच्या संमतीवर अवलंबून असते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा प्रारंभ झाला. मध्य प्रदेशाने ती ‘निरामयम्’ या नावाने स्वीकारली. परंतु तेलंगणा, ओडिशा व दिल्ली यांनी प्रारंभी सहभाग घेतला नाही आणि पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्ये अंग काढून घेतले. पुढे तेलंगणा २०२१ मध्ये, तर ओडिशा व दिल्ली २०२५ मध्ये योजनेत आले. या राज्यांच्या स्वतःच्या आरोग्य योजना होत्या, हे खरे. तथापि केंद्रीय योजनेच्या आधारे परराज्यात उपचार घेण्याची सोय तेथील गरिबांना त्या काळात मिळू शकली नाही.

राज्याने नकार दिल्यास स्थानिक संस्थांवर कोणता भार येतो, याचे उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात सापडते. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेचा विस्तार करावा की नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राज्यांच्या इच्छेवर सोपविले. २०१४ पासून अनेक राज्यांनी विस्तार केला. टेक्सासने केला नाही. परिणामी विमा नसलेल्या गरिबांच्या उपचाराचा मोठा भार तेथील जिल्हा संस्थांकडेच राहिला. ह्यूस्टन व ऑस्टिन या शहरांच्या परिसरात रुग्णालय मंडळे स्थावर मालमत्तेवर कर बसवून हा खर्च भागवितात.

आपल्या ग्रामपंचायतींना असा भार पेलणे शक्य नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य हा विषय आहे. पण शस्त्रक्रियेचा खर्च उचलण्याइतके उत्पन्न पंचायतीपाशी कोठून असणार? सुदैवाने आपल्याकडे राज्याचा नकार नाही. मात्र पात्र असूनही ज्याचे कार्ड निघाले नाही, त्याच्या दृष्टीने योजना असून नसल्यासारखीच आहे. हा दुसऱ्या प्रकारचा नकार दूर करणे सर्वस्वी स्थानिक संस्थांच्या हाती आहे.

योजनेचे स्वरूप थोडक्यात असे : पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार विनामूल्य मिळतात. मात्र रुग्णालयात दाखल होणे आवश्यक असते. बाह्यरुग्ण विभागातील साधी तपासणी व औषधे यांत येत नाहीत. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी परतल्यानंतरचे १५ दिवस यांचा संबंधित खर्च समाविष्ट असतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता हा लाभ देण्यात आला आहे. मध्य प्रदेशाचे कार्ड नागपुरातील योजनेशी संलग्न रुग्णालयातही चालते. तथापि ते रुग्णालय संलग्न आहे काय आणि आपल्या आजाराचा उपचार तेथे योजनेत होतो काय, याची चौकशी निघण्यापूर्वीच १४५५५ या विनाशुल्क क्रमांकावर करावी.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रशासन जवळ आले. आता कार्डही घरोघर पोचले पाहिजे. ग्रामसभेत पात्र कुटुंबांची यादी मोठ्याने वाचावी. आशा कार्यकर्तीने एकाकी वृद्धांची नावे सचिवांना कळवावी. आधार व समग्र क्रमांकांतील नावांचे फरक वेळीच दुरुस्त करून घ्यावेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघर एकच प्रश्न पोचवावा : ‘आपले कार्ड निघाले काय?’

रुग्ण गाडीत घातल्यावर कागद शोधण्याची वेळ कोणावरही येऊ नये. त्यासाठी लागणारे काम मोठे नाही. ते वेळेवर होणे मात्र अगत्याचे आहे.