उपचार पडद्यावर, सराव घरात

उतारवयात मन खचले, तर घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते : 'आता वय झाले, असे व्हायचेच.' हे वाक्य मायेने उच्चारलेले असले, तरी ते उपचाराचे दार बंद करते. आठवडेच्या आठवडे उदास राहणे, आवडत्या गोष्टींतून मन उडणे, सतत धास्तावणे ही वार्धक्याची अटळ लक्षणे नव्हेत. त्यांवर उपचार आहेत आणि त्यांपैकी एक आता घरबसल्या, व्हिडिओ कॉलवरूनही घेता येतो. त्याचे नाव कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, अर्थात सीबीटी.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या सोयीचे मोल अधिक. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा मोठा भाग सातपुड्याच्या डोंगररांगांत आहे. धडगाव किंवा तोरणमाळच्या बाजूने ज्येष्ठांना घाट उतरवून दर आठवड्याला शहरात आणणे, म्हणजे सोबतच्या माणसाचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी बुडणे. सीबीटीची बैठक साधारणपणे आठवड्यातून एकदा, पाऊण तासाची असते आणि अशा बैठका काही महिने चालतात. प्रवासाच्या दगदगीने ती अर्ध्यावर सुटण्यापेक्षा पडद्यावर पूर्ण होणे केव्हाही श्रेयस्कर. नैराश्य आणि चिंता यांच्या बाबतीत व्हिडिओवरील सीबीटीचा परिणाम प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास असतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

अंतरावरून मनाचे काम करणे आपल्याकडे सर्वस्वी नवे नाही. अमेरिकेतील डॉ. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात सीबीटीचा पाया घातला. त्याआधी, १९५५च्या सुमारास, डॉ. अल्बर्ट एलिस यांनी तिच्याशी नाते सांगणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली होती. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि महाराष्ट्रात रुजवली. पत्रातून जे साधले, ते समोरासमोर दिसणाऱ्या पडद्यावरून का साधू नये?

या उपचाराचे मर्म एका उदाहरणाने पाहू. समजा, शहादा तालुक्यातील एका आजींचा मुलगा कामानिमित्त सुरतेला असतो. ठरल्या वेळी त्याचा फोन येत नाही. 'त्याला माझी गरज उरली नाही,' हा विचार आजींच्या मनात येतो, उदासी दाटते, घास उतरत नाही. शेजारीण बोलावते, तरी त्या ओट्यावर जात नाहीत. एकटेपण वाढते आणि तोच विचार अधिक खरा वाटू लागतो.

मानसतज्ज्ञ येथे 'असा विचार करू नका' असे सांगत नाही. आजींना तो वहीत चार रकाने आखायला सांगतो : काय घडले, मनात काय आले, काय वाटले, मी काय केले. मग दोघे मिळून त्या विचाराला पुरावा काय, दुसरे कारण संभवते का, हे तपासतात. 'फोन आला नाही याचे वाईट वाटले. कारण मला ठाऊक नाही. उद्या मीच लावीन,' असा अधिक नेमका विचार त्यातून हाती येतो. सोबत एक छोटी कृतीही ठरते, जसे रोज सायंकाळी दहा मिनिटे ओट्यावर बसणे. आणि मुलगा खरोखरच दुर्लक्ष करीत असेल तर? तर ते दुःख खोटे ठरवायचे नसते. त्याच्याशी कसे बोलावे, आधार आणखी कोठे शोधावा, याचा विचार होतो. लिहिता येत नसेल, तर आवाज ध्वनिमुद्रित करूनही हा सराव करता येतो. दोन बैठकांमधील हा सरावच उपचाराचा कणा आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आता थोडे. मोबाइल हातात न देता टेकवून ठेवा; उजेड समोरून पडू द्या; ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्र किंवा इअरफोन लावून आधी एकदा आवाज तपासा. रेंज गेली तर साध्या फोनवर बोलायचे, हे मानसतज्ज्ञाशी पहिल्याच दिवशी ठरवा. अहिराणी, पावरी, भिली यांपैकी ज्या भाषेत आई-वडील मोकळे होतात, ती समजणारी व्यक्ती मिळेल का, हेही विचारा.

एवढे झाले की खोलीबाहेर या. हे काम सर्वांत अवघड असते. सून किंवा मुलगा शेजारी बसला, तर ज्येष्ठ व्यक्ती 'सगळे ठीक आहे' एवढेच बोलते. कारण अनेकदा बोलायचे असते ते घरातल्यांविषयीच. त्यांची संमती असेल, तर शेवटची पाच मिनिटे आत येऊन पुढच्या आठवड्याचा सराव समजून घ्या. 'काय बोललात?' असे मात्र विचारू नका.

काही पथ्ये आवश्यक आहेत. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधे किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात ही उदासीसारखीच दिसू शकतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. सुरू असलेली औषधे आपल्या मनाने थांबवू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहा. ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणारा माणूस उपचार करणारा नव्हे.

कोठून सुरुवात करावी, हे उमगत नसेल, तर 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा निःशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा फोन म्हणजे सीबीटीचा पूर्ण उपचार नव्हे. पुढे कोठे जावे, याचे मार्गदर्शन मात्र तेथे मिळते. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे कानी आले, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, १४४१६ किंवा ११२ वर फोन करा आणि जवळचे रुग्णालय गाठा.

चार-सहा बैठकांनंतर झोप, भूक आणि माणसांत मिसळणे यांत काही फरक पडला का, हे ज्येष्ठांनाच विचारा. फरक नसेल, तर तसे मानसतज्ज्ञाला मोकळेपणाने सांगा. उपचाराची दिशा बदलता येते. आज एवढेच करा : एक वही आणा, चार रकाने आखा आणि ती आईच्या किंवा वडिलांच्या हाती द्या. ती वाचण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.